व्होल्टेजकाकांनी केलेला अंधार

विद्यापीठातले सगळे दिवे ज्या वायरमनच्या ताब्यात होते त्यांना सगळे व्होल्टेजकाका म्हणत. नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं, आणि ठेवणाऱ्याची काही चूक नव्हती. काकांचा आवाज एका वाक्यात एकदम चढायचा, पुढच्या वाक्यात तितकाच पडायचा, आणि मधे काय झालं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. नोकरीला एकतीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत आपल्या चुकीमुळे आवारात कोणाला अंधारात चाचपडावं लागलं नाही, ही त्यांची मिळकत. पाहुणेरावळ्यांत गप्पा कशाच्याही चालोत, काका त्यांना फिरवून फिरवून रस्त्यावरच्या दिव्यांवर आणून सोडत.

अशा माणसाकडे त्यांची सून आली आणि म्हणाली, अंधार करून द्या.

सून त्याच विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायची. ती घरात आली तेव्हा काका आधी तिला जरा बिचकून होते. एवढी शिकलेली पोरगी, आपल्याशी काय बोलणार, असं त्यांना वाटे. पण चौथ्याच दिवशी काका जळका मिक्सर उघडून बसले होते तिथे ती खाली मांडी घालून बसली, गुंडाळी कुठे जळली ते विचारलं, आणि सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "बाबा, हे मी पुस्तकातून शिकवते, पण जळलेली गुंडाळी आज पहिल्यांदा हातात घेतली." त्या दिवसापासून काकांनी तिला जी डोक्यावर घेतली ती घेतलीच. बायको म्हणायची, एवढं कौतुक स्वतःच्या लेकाचं कधी केलं नाहीत. काका म्हणायचे, त्यानं मिक्सर कधी उघडला?

सुनेनं आता एक दुर्बीण उघडली होती. विभागाच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांखाली, कित्येक वर्षं पडून होती ती. उघडली म्हणजे काय, आठ महिने रोज शिकवणं संपलं की ही खोलीत. आरसा धुताना काका बघायला उभे होते. पोरीनं कापसाचा बोळा पाण्यात भिजवून असा अलगद फिरवला की काकांनी स्वतःचा श्वास धरून ठेवला. आकाश सरकेल तशी दुर्बीण सरकवणारी, बॅटरीवर चालणारी मोटर मात्र काकांनी तार गुंडाळून करून दिली. ती चालू झाली तेव्हा दोघं अर्धा तास नुसते तिच्याकडे बघत बसले होते. ती इतकी हळू फिरायची की फिरतेय हे कळायचंच नाही, आणि त्याचाच दोघांना आनंद.

पण दुर्बीण ठेवायची कुठे? भौतिकशास्त्राच्या गच्चीवर. आणि त्या गच्चीवर एका मोबाइल कंपनीचा डोळा होता. टॉवर उभारायला जागा द्या, असं पत्र विभागप्रमुखांच्या टेबलावर येऊन पडलेलं. विभागप्रमुख वाईट माणूस नव्हता, पण त्याला वेळेवर न होणाऱ्या आणि कागदावर न दिसणाऱ्या गोष्टी आवडत नसत. मागच्या वर्षी लोकांसाठी आकाशदर्शन ठेवलं होतं. चाळीस माणसं आली, दुर्बिणीशिवाय नुसता चंद्र बघितला, आणि चंद्र आमच्या घरूनही दिसतो असं म्हणत निघून गेली. तेव्हा साहेबांनी सुनेला सरळ सांगितलं, "यंदा एकदा करून बघा. लोकांना घरून दिसत नाही असं काही दाखवलंत तर गच्ची तुमची. नाहीतर पत्रावर सही करतो, आणि दुर्बीण परत खोलीत."

परत मोडक्या खुर्च्यांखाली, असं ते म्हणाले नाहीत. पण सुनेला तेच ऐकू आलं.

म्हणून ती स्विचरूममध्ये आली होती.

"बाबा, दिवे बंद करायचेत. दीड तास."

"कुठले?"

"सगळे."

"सगळे म्हणजे?" काकांचा आवाज चढला. "लोक पडतील, झडतील, उद्या माझ्या नावानं बोंबलतील!"

"लोकांना बसवून ठेवते. कोणी हलणार नाही." ती स्टुलावर बसली. "बाबा, देवयानी नावाची दीर्घिका आहे. लक्षावधी कोटी तारे एका ठिकाणी. तिच्यातून उजेड निघाला त्याला पंचवीस लाख वर्षं झाली. माणूससुद्धा नव्हता तेव्हा. एवढा चालून तो इथवर येतो, आणि आपल्या गेटवरच्या पाटीच्या ट्यूबपुढे हरतो."

काकांनी हातातला पाना खाली ठेवला. मग पडलेल्या आवाजात म्हणाले, "पंचवीस लाख वर्षं?"

"हो."

"मधे खंड नाही?"

"नाही."

"एकदाही फ्यूज नाही?"

"नाही, बाबा."

काकांनी कानावरची पेन्सिल काढली. "यादी करतो," म्हणाले.

यादी कशी करावी हे त्यांच्याकडून शिकावं. तीन संध्याकाळी ते वही घेऊन आवारभर पायी फिरले आणि जो जो दिवा जळताना दिसला तो तो टिपला. रस्त्यावरचे, वसतिगृहाच्या कुंपणाचे, गेटचे, सायकलींच्या शेडमधले. पाण्याच्या कूलरवरचा लाल ठिपकासुद्धा सोडला नाही. एकूण ब्याण्णव. प्रत्येकाची तार कुठून येते ते शोधलं, आणि सगळ्या वाटा फिरवून एका खटक्यावर आणून ठेवल्या. रजिस्ट्रारांनी परवानगी दिली ती साडेसात ते नऊ, एकदाच. तालीम वगैरे काही नाही.

त्या संध्याकाळी दीडशे माणसं आली. आकाश स्वच्छ, चंद्र नाही. मोबाइलच्या उजेडानं डोळे बिघडतात म्हणून सुनेचा नियम कडक होता: आत येणाऱ्या प्रत्येकानं फोन खाली टेबलावर जमा करून चिठ्ठी घ्यायची. विभागप्रमुखांनीही नाइलाजानं दिला, काकांनीही दिला. काकू शेजारणींना घेऊन गच्चीवर पुढच्या रांगेत बसल्या होत्या आणि दुर्बिणीकडे बोट दाखवून ती मोटर आमच्या ह्यांनी केलीय असं सांगत होत्या.

साडेसातला काकांनी खटका पाडला आणि बाहेर येऊन उभे राहिले.

आवार गेलं. रस्ते गेले, इमारती गेल्या, स्वतःचे हात गेले. वर गच्चीवरून दीडशे माणसांचा एकच आवाज आला, "अहाहा!" काकांनी मान वर केली. इतके तारे आपल्या डोक्यावर रोज असतात आणि आपणच ते झाकून ठेवतो, हे त्यांना कोणी आधी सांगितलं असतं तर त्यांनी भांडण काढलं असतं. आता ते नुसते बघत राहिले. पोरीनं जिंकलं, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात ग्रंथालयाच्या गच्चीवरून पांढराशुभ्र उजेडाचा लोट आला आणि समोरच्या गच्चीवरची दीडशे माणसं दिवसाढवळ्यासारखी उघडी पडली.

"अरे, कोण आहे तो गाढव!" कोणीतरी ओरडलं.

गाढव कोण, ते एका माणसाला पक्कं ठाऊक होतं. तो दिवा काकांनीच बसवला होता. सहा वर्षांपूर्वी वीज गेली असताना एक विद्यार्थिनी ग्रंथालयाच्या बाहेरच्या जिन्यावरून पडली, तेव्हा काकांनी स्वतःच्या डोक्यानं हा दिवा केला. त्याची बॅटरी वेगळी. कठड्याशी भिंतीवर, त्या दिव्याकडे पाठ करून बसवलेला, उजेड ओळखणारा त्याचा एक डोळा. आसपास कुठलाही दिवा चालू असेल तोवर हा झोपलेला. सगळीकडे अंधार झाला की बारा सेकंद थांबायचा आणि आपला आपण लागायचा. सहा वर्षांत तशी वेळ चारदा आली होती आणि चारही वेळा तो लागला होता. एरवी कधी लागत नाही, म्हणून जळते दिवे टिपणाऱ्याच्या यादीत तो आलाच नव्हता.

बरं, बंद करावा म्हटलं तर बटण नाही. मुलं बटणं बंद करतात म्हणून काकांनी ठेवलंच नव्हतं. बॅटरीच्या पेटीला कुलूप लावलं तर कुलूप फोडतात, म्हणून पेटी रिव्हेट ठोकून कायमची बंद केलेली. रिव्हेट काढायला ड्रिल हवं, ड्रिलला वीज हवी, आणि वीज चालू केली की ब्याण्णव दिवे पेटणार. तार लोखंडी नळीतून नेलेली, नळी सिमेंटमध्ये. दिवा वीस फूट उंच खांबावर. वैऱ्यानंसुद्धा इतकं पक्कं काम केलं नसतं.

काका धावत सुटले. गुडघे त्यांना नको म्हणत होते, पण ते ग्रंथालयाचा जिना चढून वर गेले, धापा टाकत कठड्याशी बसले आणि खिशातली टॉर्च काढून त्या डोळ्यावर धरली. डोळ्याला उजेड दिसला. त्याला वाटलं, झालं, कोणीतरी दिवा लावला. आणि तो मोठा दिवा गपकन विझला.

टॉर्चचं बटण बिघडलेलं होतं. अंगठा दाबून धरला तरच जळायची. आवारभर बटणं दुरुस्त करत हिंडणाऱ्या माणसाला स्वतःच्या टॉर्चचं बटण करायला वर्षभर सवड झाली नव्हती. म्हणजे टॉर्च ठेवून जायची सोय नाही. अंगठा उचलला की बारा सेकंद, की पुन्हा तोच लोट.

समोरून ओरडा सुरू झाला. दोन गच्च्यांमध्ये फक्त एक अंगण, त्यामुळे शब्दन् शब्द येत होता. "टॉर्च बंद करा!" "ए, टॉर्च!" "कळत नाही का रे तुला?" तोंड उघडून खुलासा करावा तर धाप आवरत नव्हती. काकांनी एका हातानं टॉर्च धरून दुसऱ्या हातानं अंगातला शर्ट कसाबसा काढला आणि तो स्वतःवर, टॉर्चवर आणि त्या डोळ्यावर तंबूसारखा ओढून घेतला. बाहेरचा उजेड गेला. काका बनियनवर, शर्टाच्या आत, भिंतीला नाक लावून बसले.

"कोणी ओरडू नका," सुनेचा आवाज आला. "तिकडे माझे सासरे आहेत. ते असले की काळजी नाही. आता पाच मिनिटं सगळ्यांनी डोळे मिटून बसा, मघाच्या उजेडानं दिपलेत ते. मग सुरू करू."

शर्टाच्या आत काकांनी टॉर्च आणखी घट्ट धरली. चूक त्यांची, खोळंबा त्यांच्यामुळे, आणि पोर दीडशे लोकांसमोर सांगतेय, काळजी नाही.

मग तिचं शिकवणं सुरू झालं. काकांनी ते कधी ऐकलं नव्हतं. वर्गात जाऊन बसणार कसे? आता त्यांना दिसत काहीच नव्हतं, तेव्हा ऐकणं एवढंच काम उरलं. ती भराभर बोलत नव्हती. एक वाक्य बोलायची आणि थांबायची, आणि लोकही तिच्याबरोबर थांबायचे. रांग लागली. एकेक जण डोळा लावायचा, आणि ती प्रत्येकाला तेच विचारायची, काय दिसतंय? जणू आधी कोणाला विचारलंच नव्हतं.

"काही नाही हो, धुरकट आहे नुसतं," एक बाई म्हणाल्या.

"तेच. तो धूर म्हणजे तारे आहेत. अजून थोडं बघा, घाई नाही."

मग त्याच बाई, अगदी हळू, "अगंबाई."

एका गृहस्थांनी विचारलं, "आत चित्र तर चिकटवलं नाही ना?"

"थांबा हं, मोटर बंद करते. आता बघत राहा. काय होतंय?"

"सरकतंय. गेलं की हो बाहेर!"

"पृथ्वी फिरली. चित्र असतं तर जागचं हललं नसतं." आणि सगळे हसले, ते गृहस्थ सगळ्यांत मोठ्यानं.

काका शर्टात बसून हसत होते. एक अंगठा बधिर झाला की सेकंद मोजत दुसरा लावत होते. इतकी हुशार माणसं त्यांनी विद्यापीठात पाहिली होती, पण विचारणाऱ्याला मूर्ख न ठरवता उत्तर देणारी फार थोडी. ही त्यांतली, आणि ती आपल्या घरी राहते, याचा त्यांना इतका अभिमान वाटला की गुडघ्यांचं दुखणंही विसरलं.

अर्ध्या तासानं जिन्यावर बुटांचा आवाज आला.

"कोण आहे तिकडे?" विभागप्रमुख. दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवून गप्प बसतील ते साहेब कसले. "शर्टात काय चाललंय? उजेड दिसतोय खालून. बंद करा ती टॉर्च!"

"नाही करणार, साहेब."

एकतीस वर्षांत काकांनी साहेबाला नाही म्हटलं नव्हतं.

"काय म्हणालात?"

"बंद केली की मोठा दिवा लागतो. तिकडे दीडशे माणसांचे डोळे आत्ता कुठे बसलेत. मला काढून टाका उद्या, पण नऊपर्यंत अंगठा हलायचा नाही."

साहेब जवळ आले. वाकले. शर्टाची एक कड उचलून आत बघितलं. टॉर्च, टॉर्चसमोर तो वाटाण्याएवढा डोळा. त्यांनी मान आणखी आत घातली. काकांना वाटलं, गेली नोकरी.

"म्हणजे," साहेब सावकाश म्हणाले, "याला वाटतंय उजेड आहे."

"हो, साहेब."

"हे मी पहिल्या वर्षाला शिकवतो. फळ्यावर." साहेब खाली बसले, पँटची पर्वा न करता. "हे कोणी केलं?"

"मीच."

"आणि बंद करायची सोय?"

"ठेवली नाही. मुलं बंद करतात."

साहेब हसायला लागले. त्यांना हसताना काकांनी या आधी ऐकलं नव्हतं. समोरून एका लहान मुलीचा आवाज आला, "आई, मला परत बघायचंय," आणि मागोमाग रांगेत परत उभं राहणाऱ्यांची धांदल. साहेब ते ऐकत राहिले.

"हे लोक दुसऱ्यांदा रांग लावतायत," ते म्हणाले. मग विचारलं, "तुम्ही बघितलंत?"

"मी कुठून बघणार?"

"द्या इकडे."

"अहो साहेब, अंगठा दाबून धरावा लागतो. बटण बिघडलंय."

"वायरमनच्या टॉर्चचं?"

"दिव्याखाली अंधार, साहेब."

"द्या म्हणतो ना." साहेबांनी काकांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला, काकांनी आपला अलगद खालून काढून घेतला, आणि उजेड एक क्षणही तुटला नाही. साहेबांनी शर्ट डोक्यावर नीट ओढून घेतला. आतून त्यांचा आवाज आला, "काका, पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमापर्यंत याला एक बटण बसवाल?"

काका दोन पायऱ्या उतरले होते. ते जागीच थांबले.

"पुढच्या महिन्याच्या, साहेब?"

"दर महिन्याला करायचं तर बटण लागणारच. टॉवर लावू दे त्यांना दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर. जा आता. माझाही अंगठा आहे."

काका अंधारात, बनियनवर, जिना उतरून अंगण ओलांडून भौतिकशास्त्राच्या गच्चीवर गेले आणि रांगेच्या शेवटी उभे राहिले. काळोखात कोणाला काही कळलं नाही. पुढची माणसं एकेक करून सरकली. मग अगदी जवळून सुनेचा आवाज, दमलेला पण गोड, "या पुढे. नळीला हात लावू नका. थेट रोखून बघू नका, नजर किंचित बाजूला ठेवा, म्हणजे दिसेल."

काकांनी डोळा लावला. आधी काहीच नव्हतं. नजर जराशी बाजूला सरकवली आणि ते आलं. एक मंद, लांबट उजेड, त्याची कड कुठे संपते ते कळू नये असा. झगमग नाही, फडफड नाही. आयुष्यभर ज्यांनी दिवे लावले आणि विझवले त्या काकांना वाटलं, आपण आज पहिल्यांदा उजेड बघतोय. आणि हा दाखवायला त्यांच्या पोरीनं आठ महिने अडगळीत गुडघे टेकले होते.

"काय दिसतंय?" तिनं विचारलं, सगळ्यांना विचारत होती तसंच.

"दिवा," काका म्हणाले. आवाज पार पडला होता. "लांब आहे. पण चालू आहे."

दुर्बिणीच्या पलीकडून पावलं जवळ आली. मग, "बाबा? तुम्ही इथे? अहो, मग तिकडे टॉर्च कोणी धरलीय?"

"तुझ्या साहेबांनी."

"काय?"

"माझा शर्ट डोक्यावर घेऊन बसलेत. पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमाला बटण बसवा म्हणाले. दर महिन्याला करायचंय म्हणे."

तिनं अंधारात चाचपत त्यांचा दंड धरला आणि घट्ट धरून ठेवला. मागून कोणीतरी म्हणालं, "आटपा हो काका, आम्हाला दुसऱ्यांदा बघायचंय."

"थांबा की!" काकांचा आवाज असा चढला की ग्रंथालयाच्या गच्चीवरही गेला असेल. "माझ्या सुनेनं दाखवलंय. नीट बघू द्या मला."

त्यांनी पुन्हा डोळा लावला, पण आता त्या उजेडाच्या कडा पाण्यात गेल्यासारख्या हलायला लागल्या. त्यांनी नाक ओढलं.

"बाबा," सून त्यांच्या कानाशी हळूच म्हणाली, आणि तिचंही नाक चोंदलेलं होतं, "आधी डोळे पुसा. भिंगावर पाणी पडलं तर सगळं उघडून पुसत बसावं लागेल आपल्याला."